पाठीला बिलगणारी सॅक

डॉक्टर बाबांना म्हणाले, "हवं तितकं चाला, पण ओझं उचलू नका." बाबांची उभी हयात सरकारी कचेरीत आदेश वाचण्यात गेलेली. घरी परतताना रिक्षातच त्यांनी या आदेशाचा अर्थ लावून टाकला.

"उचलू नका म्हणाले ते. पाठीला लावू नका असं कुठं म्हणाले?"

मी कपाळावर हात मारला. आई म्हणाली, "अवो, हार्टाचा झटका येऊन गेला तुमाले! आता तरी सुधं वागा."

ही गोष्ट सन ऐंशीच्या आसपासची. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. कचेरीतल्या चार-पाच मित्रांचं त्यांचं एक टोळकं होतं आणि दर रविवारी कुठल्या तरी टेकडीवर जायचं हा त्या टोळक्याचा धर्म होता. कधी रामटेक, कधी सालबर्डी, जोडून सुट्टी आली की चिखलदरा. आमच्या आळीत या प्रकाराला सरळ येडेपणा म्हणत. आई काटोलकडची, संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली. तिच्या मते माणूस चालतो ते काही आणायला नाहीतर पोचवायला. "वर काही ठेवलं हाय का तुमचं? मंग काहून चढून राहिले?" हे ती दर शनिवारी विचारायची आणि विचारता विचारता दशम्या बांधून द्यायची.

कॉलेजात असल्यापासून मीही त्यांच्याबरोबर जायची. पुढं शाळेत नोकरीला लागले, तरी रविवार सोडला नाही. टोळक्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं. कुणी चहा करायचा, कुणी गाणी म्हणायची, आणि ओझं वाहायचं ते बाबांनी. स्टो, पातेली, दोर, पाण्याचा डबा, सगळं त्यांच्या जुन्या खाकी पिशवीत. माझ्या पिशवीत एक टॉवेल आणि दोन संत्री असत, तीसुद्धा अर्ध्या चढावर ते काढून घेत. "दे इकडं, खांद्याला लागतंय तुला." मला काही लागत नसे, पण देऊन टाकायची.

आजारपणानंतर मित्र घरी भेटायला आले. म्हणाले, "या आता रविवारी. नुसते हात हलवत या." ते गेल्यावर बाबांचा चेहरा लाल झाला.

"हात हलवत? मी काय व्याही लागतो यांचा?"

आणि त्यांनी जाणंच बंद केलं. रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून ते ओसरीवर खुर्चीत बसत. पेपर मांडीवर, नजर रस्त्यावर. दुपारी आईनं ताट वाढलं की मुकाट्यानं जेवत आणि परत तिथंच येऊन बसत. इतका बडबड्या माणूस, पण संध्याकाळपर्यंत शब्द नाही. झटका आला तेव्हा मी भ्याले नव्हते एवढी त्या खुर्चीला भ्याले. हा माणूस आता असाच बसून बसून संपणार, असं वाटायला लागलं.

मग एक दिवस त्यांनीच तोड काढली. म्हणे, जुनी पिशवी खांद्यांना ओढते, म्हणून छातीवर ताण येतो. सॅक बरोबर निवडली, तर वजन कमरेवर जातं. कमरेला काय झालंय? कंबर ठणठणीत आहे.

मला ते पटलं नव्हतं. पण माणूस खुर्चीतून उठला होता. मी चपला घातल्या.

सीताबर्डीचा सगळा बाजार पालथा घातला. तिथं सगळ्या रेक्झिनच्या शाळकरी बॅगा. शेवटी कामठीच्या रस्त्याला पलटणीचा जुना माल विकणारं एक दुकान सापडलं. तिथं बाबा असे रमले, की नव्या साड्यांच्या दुकानात माझी मावशीसुद्धा तशी रमत नसेल. एक सॅक चढवली, तिचे पट्टे अरुंद. "रुतणार." दुसरी कुल्ल्यांपर्यंत लोंबत होती. "ही दर पावलाला मागून लाथ मारणार." तिसरीचं कापड जाड, पट्ट्यांना आतून लोकरीचा मऊ नमदा लावलेला आणि कमरेला बांधायला रुंद पट्टा. बाबांनी दुकानातलीच दोन घोंगडी तिच्यात कोंबली, पट्टे आवळले, दुकानभर येरझाऱ्या घातल्या आणि काही कळायच्या आत दुकानदाराच्या स्टुलावर चढले.

"बाबा! उतरा आधी!"

"चढ पाहतोय गं."

दुकानदार हसायला लागला. "बाबूजी, पहाड़ पे जा रहे या लड़ाई पे?"

स्टुलावरूनच बाबांनी मला समजावलं, "सॅक पाठीला बिलगली पाहिजे. लेकरू कसं बिलगतं, तशी. लोंबली की मेलो." किती दिवसांनी ते असे बोलत होते! मी ती सॅक घासाघीस न करता घेतली.

घरी आईनं ती सगळीकडून उलटसुलट करून पाहिली. बाबा मागं अंगणात गेल्यावर मला म्हणाली, "आणली, बरं केलं. पण भरीन मी. तू चूप राय वं." आणि शनिवारी संध्याकाळी तिनं उशीच्या दोन खोळी मुरमुऱ्यांनी गच्च भरल्या, तोंडं शिवली, सॅकमध्ये ठासून बसवल्या आणि वरून बाबांची शाल ठेवली. स्टो आणि पातेली माझ्या नि बाकीच्यांच्या पिशव्यांत गेली. सॅक दिसायला अशी टम्म, की पाहणाऱ्याला धाप लागावी.

ती हातानं उचलायची वेळ बाबांवर येऊ नये, म्हणून मी ती टेबलावर उभी करायची. बाबांनी नुसती पाठ लावायची आणि पट्टे बांधायचे, असं ठरलं. रामटेकला एसटीतून उतरल्यावर एका पारावर तसंच केलं. अंबाळ्याच्या तलावाकडून पायऱ्या चढायला लागलो आणि पहिल्याच वळणावर बाबांनी मित्रांना थांबवलं.

"पाहताय ना? एवढी भरलेली सॅक, पण वजन म्हणून जाणवत नाही! सगळं कमरेवर. तुमच्या त्या गोणपाटांना टाका म्हणावं चुलीत."

मित्रांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी माना डोलावल्या, एकानं तर दुकानाचा पत्ता मागितला. बाबांचा चेहरा असा फुलला होता, की मला रडूच यायला लागलं. दर दहा-वीस पायऱ्यांवर ते मागं वळून विचारत, "दमलीस का? दे ती पिशवी." मी "नको" म्हणत होते आणि मनातल्या मनात आईच्या पाया पडत होते.

वर गडाजवळ बसलो. मी सॅक उतरवून कठड्यावर ठेवली. रामटेकची वानरं म्हणजे काय चीज आहे हे मला काय ठाऊक नव्हतं? पण गप्पांत लक्ष राहिलं नाही. एक हुप्प्या आला आणि त्यानं ती टम्म भरलेली, एवढी जड सॅक एका हातानं उचलली. शाल उचलावी तशी उचलली आणि चार उड्यांत वरच्या भिंतीवर जाऊन बसला. आतल्या दोन्ही खोळी ओढून त्यानं टराटरा फाडल्या. मुरमुरे पायऱ्यांवरून पांढरेशुभ्र सांडत गेले. कुठून कुठून वानरं धावली. दर्शनाला आलेली पोरं टाळ्या पिटायला लागली आणि बाबांचे मित्रही आधी हसलेच. हसू आवरता येईना, असंच ते दृश्य होतं.

बाबाही हसले. मग त्यांनी मुरमुऱ्यांकडं नीट पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांचं हसू हळूहळू निघून गेलं.

वानरानं टाकून दिलेली रिकामी सॅक त्यांनी स्वतः जाऊन उचलली, झटकली, पाठीला लावली, पट्टे बांधले. आणि तशीच लोंबती सॅक घेऊन अख्खा गड उतरले. एसटीत खिडकीबाहेर पाहत राहिले. घरी आल्यावर सॅक खुंटीला टांगली आणि आईला एवढंच म्हणाले, "जेवायला नको."

आई स्वयंपाकघरात बसून रडली. "मले वाटलं, जीव वाचला पाह्यजे. दुसरं काय पाह्यजे होतं मले?" तो आठवडा आमच्या घरात भांडीसुद्धा हळू वाजली. येत्या रविवारी परत ती खुर्ची, हे मी धरूनच चालले होते.

शनिवारी शाळेतून आले, तर बाबा सॅक घेऊन उभे. "इकडं ये. सरळ उभी राहा."

त्यांनी ती माझ्या पाठीला लावली. खांद्याचे पट्टे सैल केले, परत आवळले, कमरेचा पट्टा माझ्या मापाला आणून त्याला नवं भोक पाडलं. मग उतरवून भरायला बसले. स्टो पाठीच्या बाजूला, पातेली मधे, दोर खाली. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडं न पाहता बाबा म्हणाले, "मला जायचंय. हात हलवत तर हात हलवत. तिथं गेल्याशिवाय मला करमत नाही गं."

दुसऱ्या दिवशी परत त्याच पायऱ्या. मी पुढं, बाबा मागं. खरंच त्यांना आपल्या हातांचं काय करावं ते समजत नव्हतं. कधी पाठीशी बांधत, कधी खिशात घालत. सॅक चांगलीच भरलेली होती. इतकी वर्षं हे सगळं एकटे कसे वाहत होते, असं वाटून मला त्यांचा रागही आला आणि भरूनही आलं. चढ उभा झाला तशी मला धाप लागली. आणि तेवढ्यात पाठीवरचं ओझं एकाएकी हलकं झालं.

मी वळून पाहिलं. बाबांनी सॅकच्या बुडाखाली तळहात लावला होता.

"बाबा, हात काढा!"

"चाल तू. नुसता ठेवलाय."

नुसता नव्हता तो, माझ्या खांद्यांना बरोबर कळत होतं. भांडण अगदी ओठावर आलं होतं, पण मी ते गिळलं. पावलं लहान केली, वेग कमी केला आणि वर पोचेपर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नाही.