दोन उजव्या बाह्या

माझी आत्या लिफ्टला घाबरते, कुत्र्याला घाबरते, फोन वाजला की आधी छातीला हात लावते. शिंप्याच्या दुकानात तिनं अर्धं आयुष्य काजं-बटणं करण्यात काढलं, तेही कोपऱ्यातल्या स्टुलावर, कात्रीपासून लांब. कापायचं काम मास्तरांचं.

मास्तरांची नजर अधू झाली. लेकीकडे कायमचं राहायला जाताना त्यांनी दुकानाची किल्ली आत्याच्या हातात ठेवली. "चालवायचं तर चालव, नाहीतर महिनाअखेर सोडून दे." आत्याचं जेवणच उडालं. "मला काय हवंय तेच कळत नाही गं," असं मला सारखं म्हणायची. बाबा म्हणाले, "नीट विचार कर, मग ठरव." तिनं नीट विचार केला आणि पोट बिघडवून घेतलं.

अशात एक गिऱ्हाईक कोटाचं कापड घेऊन आलं. मास्तर नाहीत, एवढंच सांगायचं होतं. पण आत्याच्या तोंडून निघून गेलं, "माप देऊन जा."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर बाईसाहेब टेबलाखाली बसून रडत होत्या. कापड दुहेरी अंथरून कापलं की एक बाही डावी, एक उजवी आपोआप निघते. हे तिला पाठ होतं. पण खालचा पदर सरकेल या भीतीनं तिनं कापड एकेरी अंथरलं आणि तीच बाही दोनदा कापली. दोन्ही उजव्या!

"गेलं सगळं. परक्याचं कापड गं!" तिचे ओठ पांढरे पडले होते. उरलेल्या तुकड्यात जेमतेम एक बाही बसत होती.

"त्यांना सांगून टाकूया," मी म्हटलं.

"हीपण चुकली तर सांगू. तू हात सरळ धर."

एका उजव्या बाहीला कच्चे टाके घालून तिनं ती माझ्या उजव्या हातात चढवली आणि मला टेबलाशी उभं केलं. माझ्याकडे बघायची, खडूनं तिची उलटी रेघ मारायची, पुसायची, पुन्हा बघायची. "हलू नकोस गं मेले!" तिनं कात्री उचलली तेव्हा मी डोळेच मिटून घेतले.

कात्रीचा आवाज मध्येच थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

टाके घालून झाल्यावर ती म्हणाली, "डावा हात पुढे कर."

बाही कोपरापाशी बरोब्बर वळली. डावीच होती! मी आनंदानं ओरडलेच.

आत्या मात्र मटकन स्टुलावर बसली, आधीपेक्षाही घाबरलेली.

"अगं, जमलं की!"

"तेच तर," ती म्हणाली. "आता उद्या दुकान उघडावं लागणार."