चालू माग

"चालू मागाकडे काय बघायचं? बंद पडला की तिकडे पळायचं," असं म्हणत ती येणाऱ्या विषयाची वही मिटायची आणि अडलेल्या विषयाची उघडायची.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत टेक्स्टाइल इंजिनिअरिंग शिकत होतो. ती माझी वर्गमैत्रीण, बमरोलीच्या कामगारवस्तीतून यायची. वडील धुळ्याकडचे, लूमच्या कारखान्यात कारागीर. एकटे सहा माग सांभाळायचे. पदवीबरोबर एक जोडविषय घ्यायची सोय होती. आम्ही शहाणी मंडळी त्या वाटेला गेलोच नाही. तिने संख्याशास्त्र घेतलं.

कारण घरचंच होतं. कापडात फॉल्ट निघाला की शेठ तिच्या वडिलांवर ओरडायचा, "ध्यान किधर है?" तिचं म्हणणं, दुपारी हवा कोरडी पडते म्हणून धागे तुटतात, त्यात पप्पांचा काय दोष? "बोलून कोण ऐकतं रे? आकड्यांनी दाखवते." सुट्टीच्या दिवशी ती मागांमध्ये उभी राहून दर तासाला किती धागे तुटले ते लिहायची. आम्ही तेव्हा तापीकाठी भजी खात असायचो.

यंत्ररचना हा तिचा हातखंडा विषय. मला तर तिनेच शिकवला. तो माग चालूच आहे म्हणून तिने परीक्षेआधी त्याची वही उघडली नाही, आणि नेमकी त्यातच नापास झाली. मी मात्र पास! तुम्ही हसाल, पण मला तोंड लपवावंसं वाटलं. मुख्य विषय राहिला की जोडविषय रद्द, असा नियम होता.

मी तिच्या घरी गेलो. वडील रागावले नव्हते. "चालू माग बी देखनं पडस, बेटा," एवढंच आपल्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे चालू मागही बघावा लागतो. धागा तुटला तरी जुना माग थांबत नाही, खराब कापड विणत राहतो. म्हणून कारागीर चालत्या कापडावर अधूनमधून तळहात फिरवतो. कारागिराची पोर हेच विसरली होती.

सोमवारी ती संख्याशास्त्राच्या वर्गात पुन्हा जाऊन बसली. मी दाराशी उभा होतो.

"बेन, नाम तो कट गया. अब क्यूं आती हो?" सरांनी विचारलं.

"काम बाकी है, सर."

सरांनी हजेरीवही मिटली. मग "बैठो" म्हणाले. मला तिचा इतका अभिमान वाटला की स्वतःचा तास बुडाला तरी मी हललो नाही.

राहिलेला विषय तिने सोडवला, पदवी घेतली आणि नोकरीसाठी दक्षिणेत निघून गेली. पदवीच्या कागदावर संख्याशास्त्राचं नाव नाही. जाण्याआधी मात्र तिने शेठसमोर कोणत्या तासाला किती धागे तुटतात याचा आपला आलेख पसरला होता.

काही वर्षांनी कामानिमित्त मी त्या कारखान्यात गेलो. आलेख भिंतीवर होता, धाग्यांच्या धुळीने माखलेला. बारा वाजले तसा शेठ स्वतःच ओरडला, "पानी मारो, धागा टूटेगा!" हवा दमट राहावी म्हणून पोती भिजवून टांगली गेली. तिच्या वडिलांनी जाता जाता आलेखावरून तळहात फिरवला, धूळ पुसली आणि मागाकडे वळले.