उपाशी महंताची बाटली

तुमच्या फ्रिजमधल्या बिअरच्या बाटल्यांचा फोटो पाहिला. आपल्या घरात शिरलेल्या पहिल्या परदेशी बाटलीची हकिगत तुम्हाला ठाऊक असावी, म्हणून क्रमाने लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. आम्ही जामखेडला होतो. माझे दीर, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, जर्मनीतलं शिक्षण संपवून आले आणि ट्रंकेत कपड्यांत गुंडाळून लागर बिअरची एकच बाटली आणली. सरकारची दारूबंदी तोवर सैलावली होती. आमच्या घराची नव्हती.

लेबलावर झगा घातलेला एक गुबगुबीत साधू हातात पेला घेऊन बसला होता. नावाचा अर्थ म्हणे ‘उपाशी महंत’. तिकडच्या एका मठात साधू चाळीस दिवस उपास करत आणि पातळ पदार्थाने उपास मोडत नाही, या आधारावर बिअर पीत. महंतांचं मन खाऊ लागलं, म्हणून त्यांनी परवानगीसाठी वरच्या धर्मगुरूंकडे एक पिंप पाठवलं. वाटेत ते उन्हाने आंबलं. धर्मगुरूंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कळवलं, “असलं पिणं हीच तपश्चर्या आहे. खुशाल प्या.”

फ्रिज कुठला? बाटली मी माठाखालच्या ओल्या वाळूत मानेपर्यंत पुरली. दुसऱ्या दिवशी मुलीकडचे घर बघायला यायचे होते. ते गेले की उघडायची, असं ठरलं. मुलगी दिरांच्या मनात पक्की भरली होती. आता तिच्या आजीचा होकार तेवढा बाकी होता.

आजी शेतकरी घरातल्या, करारी. त्या दिवशी नेमकी एकादशी. पाण्यासाठी दुसऱ्याला उठवणं त्यांना आवडत नसे, म्हणून स्वतःच उठून माठाकडे गेल्या. मी मागोमाग धावले, पण उशीर झाला होता.

“पोरी, वाळूत ही काय गं पुरलीय?”

दारात दीर पांढरेफटक. “वहिनी, सांगा ना,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. कागदोपत्री पुरावा असला की माझी भीड चेपते. लेबल पुढे करून म्हटलं, “आजी, हे तिकडच्या साधूंचं उपासाचं पेय. नावच तसं आहे.”

आजींनी साधूला नीट न्याहाळलं. “उपाशी मानूस एवढा जाड? साबुदाना खात असंल.” मग वाटी पुढे केली. “वत घोटभर. माजा बी उपास हाय.”

माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. झाकण उडालं, फेस आला. वाटी ओठांशी गेली आणि दीर ओरडले, “आजी, थांबा! दारू आहे ती. जवाची!”

मी डोळे मिटले. लग्न मोडलंच.

“जवाची?” आजींनी विंचू दिसावा तशी वाटी खाली ठेवली. “आन् तू सांगतीस उपासाचं! अगं, जव म्हंजी धान्य. एवढं शिकलीस, पन उपासाला काय चालतं, काय न्हाई, कुनी शिकवलंच न्हाई व्हय?”

दारूबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. ओसरीवर जाऊन आपल्या मुलाला, म्हणजे मुलीच्या वडिलांना म्हणाल्या, “सुपारी फोडा. पोरानं सवताचं लगीन पनाला लावलं, पन म्हातारीचा उपास मोडू दिला न्हाई.”

राहिलेली बाटली आम्ही द्वादशीला, पारणं झाल्यावर, दीर, तुमचे आजोबा आणि मी अशी तिघांत वाटून घेतली. फेस केव्हाच गेला होता. कोमट, कडू, कारल्याच्या पाण्यात पाव भिजवावा तशी चव. तुमचे आजोबा ‘उत्तम’ म्हणाले आणि उरलेली माझ्या वाटीत ओतली. मला धर्मगुरूंचं म्हणणं पटलं.

तुमची धाकटी आजी त्याच वैशाखात घरात आली. एकादशीला साबुदाणा भिजवायचं काम तेव्हापासून तिच्याकडे आहे. माझ्यावर तिच्या आजीने शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही.