करमून नाही राह्यलं

लोणारजवळच्या माळावर एका संस्थेनं अवकाशस्थानकाची नक्कल बांधली होती. सरावासाठी चौघांनी आत सहा महिने कोंडून राहायचं, बाहेर राखणीले वाहेदचाचा. आतली एक इंजिनिअर आपल्या अमडापूरची धम्मशीला. संस्थेच्या सायबाले ती रोज इंग्रजीत 'सगळं ठीक' कळवायची. चौथ्या महिन्यात तिनं दारावरच्या फोनवर म्हटलं, "चाचा, मले करमून नाही राह्यलं."

चाचा हसले. सासरी गेलेल्या पोरीले सांगावं तसं म्हणाले, "करमते माय, आठ दिसांत."

आठव्या दिवशी तिनं जेवण सोडलं. बाराव्या दिवशी तिले उचलून बाहेर काढलं अन् मोहीम बंद पडली.

सायबानं चाचाले विचारलं, "तुमच्याजवळ काही तक्रार केली होती?"

"नाही जी."

आता चाचा मले विचारतात, "करमत नाही म्हणजे तक्रार असते काय बे?"

मी म्हटलं, "तिची होती."