कमल गाडीतच राहिली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय—का, ते मलाही धड कळत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी कोल्हारजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. आमचं गाव शेवगावच्या पलीकडे, कोरडवाहू. आईवडील दरवर्षी बैलगाडी घेऊन इकडे कारखान्याच्या उसाला तोडणीवर यायचे. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. वडील शेती करतात, एवढंच मी सांगत असे. खोटं नव्हतं ना ते?

धाकटी बहीण कमल तेव्हा चौथी झाली होती. फडात शाळा नसते, आणि पोरीला गावी एकटी ठेवता येत नाही. म्हणून दिवाळीत मीच आईला म्हणालो होतो—येताना हिला माझ्याकडे सोडा, मी शिकवतो.

त्या दिवशी सातवीला स्थलांतराचा धडा चालू होता. माणसाला गावातून ढकलणारी कारणं, दुसरीकडे ओढणारी कारणं—फळ्यावर दोन रकाने पाडले होते. खिडकीबाहेर रस्त्याने तोडणीच्या गाड्या निघाल्या होत्या. मला वाटलं, आयतंच उदाहरण मिळालं. मुलांना म्हटलं, हे बघा हंगामी स्थलांतर. गाडीला टांगलेल्या कोंबड्या बघून पोरं हसली. मीही हसलो—हे सांगायलाच हवं.

त्यातली एक गाडी थांबली. आई उतरली आणि कमलचा हात धरून वर्गाच्या दारात आली. कमलची वेणी तेल लावून घट्ट घातलेली, हातात पत्र्याची पेटी.

‘गुरुजी, या कोण?’ पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

एकाच शब्दाचं उत्तर होतं. आणि मी—मी म्हणालो, ‘रस्ता विचारत असतील.’

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पदर सारखा केला आणि पोरांना म्हणाली, ‘व्हय बाळांनो, कारखान्याची वाट इचाराया आले हुते. चुकले जरा.’

पोरांनी हौसेने वाट सांगितली. दरवर्षीची वाट तिची. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि कमलला घेऊन गाडीकडे परतली.

मागाहून कळलं, वडिलांना तिने सांगितलं होतं—त्याला अजून खोली मिळाली न्हाई. कमलला मात्र सगळं कळलं होतं.

संध्याकाळी जाऊन तिला आणता आलं नसतं का? सगळा हंगाम त्यांची कोपी, पाचटाची ती झोपडी, सायकलच्या वाटेवर होती. मी गेलो नाही. कुणी पाहिलं तर—एवढंच मनात यायचं.

तोडणीत नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. पोरवयातच कमलचं लग्न लावून दिलं, सासरच्यांचा कोयता जुळला. मी अक्षता टाकायला हजर होतो.

आता माझी पन्नाशी उलटली. आई गेली. त्या दिवसाचं तिने कधी काढलं नाही. कमलही काढत नाही, दादा म्हणते.

तो धडा मी अजून शिकवतो. रस्त्याने गाड्या जाऊ लागल्या की उठून खिडकी लावून घेतो. त्यातल्या एका गाडीत कमल असते.