वाजलं की ऐकायचं

जनाकाकू रोज झोपताना उशाशी परात मांडायच्या. परातीत पितळी तांब्या पालथा, त्यावर स्टीलचा पेला, पेल्याच्या काठावर आडवा चमचा. जमीन जरा जरी हलली, तरी हा डोलारा परातीत कोसळून आपल्याला जाग यावी, एवढाच हेतू. सास्तूरला मी दातांचा दवाखाना थाटला तो त्यांच्याच पत्र्याच्या दोन खोल्यांत, आणि राहायलाही तिथेच. त्यामुळे सकाळी त्या चमचा उतरवून ठेवायच्या, तो खणखणाट मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. सुरुवातीला मला हसू आलं. कारण कळल्यावर पुन्हा कधी आलं नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचा नवरा आणि लेक दगडमातीच्या घराखाली गेले. "कुत्रं आदी भुंकत हुतं, बाई," सुपातले खडे वेचत त्या सांगायच्या. "म्याच उठून भाकर टाकली अन् त्याला गप केलं. तवापासून ठरवलंय. वाजलं की ऐकायचं." तेव्हापासून स्लॅबच्या छताखाली त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. भाचीच्या लग्नातही त्या कार्यालयाबाहेर लिंबाखाली बसून जेवल्या.

कीड ओळखायचं लेझरचं यंत्र मी तेव्हा नुकतंच घेतलं होतं. पेनासारखी दांडी दातावर टेकवली की लाल उजेड पडतो, आकडा दिसतो आणि संशय वाढेल तशी शिट्टी चढत जाते. काकूंच्या मिश्रीनं काळवंडलेल्या दातांवर ते टेकवलं आणि ते किंचाळायलाच लागलं. काकू खुर्चीतून उठल्या.

"समदेच गेले व्हय?"

"नाही हो काकू. डागालाही ते कीडच समजतं. आधी दात साफ करू."

साफ केल्यावर बाकीचे दात शांत झाले, एक दाढ मात्र वाजतच राहिली. वरून ती धडधाकट होती, पण खाचेत उघडून पाहिलं तर आत पोखरलेली. वेळेवर भरली म्हणून वाचली. काकूंनी त्याच दिवशी मिश्रीची डबी उकिरड्यावर भिरकावली. माझ्या उपदेशानं ते सात जन्मांत झालं नसतं. यंत्राचा मला भारीच अभिमान वाटला.

काकूंना तर त्यात आणखी काही दिसलं होतं. "ह्ये आदी सांगतंय," त्या येईल त्याला सांगत. मग बाजाराला निघाल्या की आधी माझ्या खुर्चीत आ वासून बसायच्या. "वाजीव, बाई." यंत्र गप्प राहिलं की पदर सावरून खुशीत उठायच्या. मी परोपरीनं बजावलं, की ते वाजलं म्हणजे कीड असतेच असं नाही, आणि गप्प राहिलं म्हणजे नसतेच असंही नाही. दातांच्या फटीतलं त्याला नीट कळत नाही, दाढेवर बसवलेल्या टोपीखालचं तर दिसतच नाही. मी त्यांच्या देवाला नावं ठेवतेय, असं त्या माझ्याकडे बघायच्या.

त्यांच्या खालच्या दाढेवर धातूची जुनी टोपी होती. श्रावणात ती दाढ ठणकायला लागली. मी आरशाच्या दांड्यानं हलकेच ठोकलं, तर काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुळाशी पू धरल्याची ती खूण होती.

"काकू, टोपी काढू द्या. नाहीतर उमरग्याला जाऊन एक्स-रे तरी काढू."

उमरग्याचा एक्स-रेचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता.

"आदी यंत्र लाव."

लावलं. टोपीवर ते गप्प.

"बग, वाजलं न्हाय. शांत हाय त्याला कशाला उचकटायचं? अन् मला स्लॅबखाली कशाला नेतीस?"

गोळ्यांनी ठणका उतरला तेव्हा तर त्यांचंच खरं ठरलं. मी हात जोडले, भांडले, अबोला धरला. त्या माझ्यासाठी गरम धपाटी घेऊन आल्या, पण टोपीला हात लावू दिला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी चमच्याचा आवाज आला नाही. मी पलीकडे धावले. काकू बसून होत्या. जबड्याखाली लाकडासारखी कडक सूज, जीभ वर उचललेली, थुंकी गिळवत नव्हती. मी जीप बोलावली. जीप दारात येईपर्यंत त्या भिंतीपलीकडच्या यंत्राकडे बोट दाखवत राहिल्या. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. मी ते आणून टोपीवर लावलं. गप्प. काकूंच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की ते यंत्र भिंतीवर आपटावंसं मला वाटलं.

सोलापूरच्या हॉस्पिटलच्या दारात त्यांनी मान वर करून मजल्यांकडे पाहिलं आणि माझं मनगट आवळलं. "लई उंच हाय गं," एवढंच कसंबसं बोलल्या. दाढेतल्या पुवाचं विष रक्तात भिनलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या त्याच छताखाली गेल्या.

यंत्र अजून माझ्याकडे आहे. वाईट नाही ते. पोरांच्या दाढांतली लपलेली कीड त्यानं पुष्कळदा वेळेत दाखवलीय. पण आता मी आधी विचारते, दुखतंय कुठं. आणि ते गप्प राहिलं की मला भीती वाटते.

अंत्यविधीनंतर काकूंची खोली मीच उघडली. परात उशाशी होती. जीप आली, माणसं धावली, त्यांना उचलून नेलं, तरी तांब्यावर पेला आणि पेल्यावर चमचा तसाच होता. जागचा हललासुद्धा नव्हता.