बाप्पाच्या पोटातल्या गोळ्या

ही हकीगत मी इतकी वर्षं टाळली. पेणला कुणी डोळेभाऊंचा विषय काढला की मी पावसापाण्याचं काहीतरी बोलायला लागायचो. आता माझ्याकडेही फार वेळ उरलेला नाही, म्हणून लिहून टाकतो.

डोळेभाऊ गणपतींचे डोळे आखायचे. आमच्या आळीतल्या कारखान्यात माती, साचे, रंग बाकीचे लोक बघत; डोळ्यांना मात्र फक्त भाऊंचा कुंचला. आखणी चालू असताना ते श्वास रोखून धरत, आणि आसपासच्यांनीही रोखावा अशी त्यांची अपेक्षा असे. एकदा एका गिऱ्हाइकाला मध्येच खोकला आला. भाऊंनी वर न बघताच विचारलं, "गणपती तिरळा न्यायचा हाय काय?"

त्यामुळे शिंकेशी त्यांचं हाडवैर. आषाढात नाक जरा चुरचुरलं की ते समोरच्या माझ्या औषधांच्या दुकानात हजर. "डाक्टर, ती भारीतली दे. दोनच." मी डॉक्टर नव्हतो, नुसता दुकानदार. पण नव्वदनंतरच्या त्या वर्षांत ते जोरदार अँटिबायोटिक बाजारात नवंनवं होतं, डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागत नसे, आणि मीही पट्टी कात्रीने कापून सुट्या गोळ्या देत असे. "भाऊ, ह्या पाच दिवस घ्यायच्या असतात," असं एकदा म्हणून पाहिलं.

"शिंक गेली, मंग गोळी कुनाला घालू?"

मी हसलो आणि पट्टी कापली.

एक गोळी भाऊंच्या पोटात जाई, दुसरी बाप्पाच्या. सोंड तुटल्यामुळे कारखान्यात पडून राहिलेला प्लास्टरचा एक गणपती होता, आतून पोकळ. भाऊ त्याच्यात गोळ्या साठवत. कुणाची दाढ दुखो, कुणाचं पोट बिघडो, भाऊ गणपतीला आडवा करून खालून हात घालत आणि औषध काढून देत. स्वतःलाही अधूनमधून, हंगामाआधी, विनाकारण. एका वर्षी रंगात मिसळायची खळ नासायला लागली, तर त्यांनी तिच्यातही एक गोळी कुटून घातली. खळ नासलीच. "हिला दोन लागतील," भाऊ म्हणाले.

साठी उलटल्यावर त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. एक डोळा आखून झाला की दुसऱ्यापर्यंत दम निघेना. "बाप्पा एका डोळ्यानं माझी वाट बघत बसतोय," असं म्हणत ते धावत परत येत. पेणमध्ये बोभाटा नको म्हणून मी त्यांना रोह्याच्या एका सर्जनकडे नेलं. वाटेत निडी स्टेशनात गाडी थांबली, तर भाऊ लघवीला उतरायलाच निघाले. धोतराला धरून बसवलं.

प्रोस्टेटची गाठ हाताला कठीण लागत होती. कॅन्सर आहे का हे बघायला तिचा तुकडा काढायचा होता. सर्जनने समजावून सांगितलं: सुई शौचाच्या वाटेने जाते, आतड्यातले जंतू रक्तात शिरू शकतात, म्हणून आधी ही गोळी. त्याने पट्टी दाखवली. माझ्या दुकानातलीच ती भारीतली.

"हे औषध पूर्वी कधी घेतलंय? घेतलं असेल तर दुसरं देतो."

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्ये आमचे डाक्टर. ह्यांना विचारा."

सर्जन माझ्याकडे वळला. दर हंगामात, अर्धवट, चिठ्ठीशिवाय, माझ्याच हातून, एवढं सांगायचं होतं. दुकानाचा परवाना डोळ्यांपुढे आला. मी म्हणालो, "नाही साहेब. पहिल्यांदाच."

तुकडा काढून बाहेर आल्यावर भाऊ कानात पुटपुटले, "बाप्पाच्या पोटात मी खालनं हात घालतो, आज ह्यानं माझ्या घातला. फिटंफाट झाली."

दोन दिवसांत त्यांना असा थंडीताप भरला की खाट करकरू लागली. मुंबईला हलवावं लागलं. रक्त तपासलं तेव्हा कळलं, की रक्तात शिरलेल्या जंतूंवर त्या गोळीचा काहीच परिणाम होत नव्हता. अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांना तोंड देऊन ते कधीच सरावले होते. वेगळ्या इंजेक्शनांनी भाऊ कसेबसे वाचले. तोवर तुकड्याचा रिपोर्टही आला. गाठ साधी होती.

पण त्या तापातून उठल्यावर भाऊंचा हात थरथरायला लागला, तो कायमचा. पुढच्या हंगामात भाऊंनी आखलेले पहिलेच गणपती स्वतःच्या सोंडेकडे बघू लागले. मालकांनी मग भाऊंना उंदीर रंगवायला बसवलं.

याचा राग त्यांनी माझ्यावर धरला असता तर मी सुटलो असतो. भाऊ मात्र गावभर सांगत फिरले, "मुंबईचे डाक्टर मागनं आले. आधी ह्याच्या गोळ्यांनी आतनं बळ धरलं व्हतं, म्हणून टिकलो." आणि दर वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मला एक उंदीर आणून देत. मी तोंड उघडायचो आणि ते हातात उंदीर ठेवायचे. माझ्या कपाटावर आजही त्यांची रांग आहे. एकाचीही नजर सरळ नाही.

शेवटी भेटायला गेलो तेव्हा भाऊ अंथरुणाला खिळले होते. चिठ्ठीशिवाय गोळी देणं मी केव्हाच बंद केलं होतं. उशाशी तो सोंड तुटलेला गणपती, पोट रिकामं. मी वाक्य घोकून गेलो होतो. हात हातात घेतला.

"भाऊ, त्या दिवशी रोह्याला मी..."

त्यांनी डोळे उघडले. "गोळ्या आणल्यास?"

"नाही."

"नाय आणल्यास? मंग आलास कशाला?"

"असाच, भाऊ," मी म्हणालो. "असाच."